नाद, छंद, व्यसन : रामजोशीचे चरित्र आणि समीक्षेची भाषा

१

मराठी शाहिरी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांतून रामजोशीवरील प्रकरण वाचताना एक गोष्ट लक्षात येते. प्रकरणाचा पूर्वार्ध त्याच्या जीवनाने व्यापलेला असतो. उत्तरार्धात लावण्या येतात. परंतु त्या येतात त्या पूर्वार्धातील विधानांचा पुरावा म्हणून. तो विलासात रमला होता हे त्याच्या शृंगारिक लावण्यांवरून दिसते, त्याला उपरती झाली हे वैराग्यपर लावण्यांवरून दिसते, आणि या लावण्या अशा का, तर त्याचे आयुष्य तसे होते म्हणून. जीवनावरून काव्य आणि काव्यावरून जीवन सिद्ध करणारा हा चक्रक दोष नवा नाही. तथापि रामजोशीच्या बाबतीत तो केवळ तर्कदोष राहात नाही. एका माणसाच्या दुःखाविषयी, कदाचित आजाराविषयी, आपण काय म्हणतो आणि काय म्हणायचे टाळतो, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. सोलापुरातील एका पदव्युत्तर वर्गात मी रामजोशी शिकवीत होतो. तमाशाचा नाद, भावाने केलेली हकालपट्टी, मद्यपान, मोरोपंतांची भेट, उपरती आणि कीर्तन हा सारा क्रम मी नेहमीप्रमाणे सांगितला. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बापाचा मुलगा त्या वर्गात होता. तास संपल्यावर त्याने विचारले, ‘‘सर, रामजोशीनं दारू सोडली ती नेमकी कितव्या वेळेला? आमच्या अण्णांनी चार वेळा सोडली.’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण मी जी कथा सांगत होतो तिच्यात सोडणे ही एकदाच घडणारी घटना होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार होय.

२

प्रथम परंपरेने सांगितलेले चरित्र थोडक्यात पाहू. रामजोशी सोलापूरचा. त्याचे जन्मवर्ष कोणी १७५८ मानतात, तर कोणी १७६२; मृत्यू १८१२ च्या सुमारास. वडील जगन्नाथ, थोरला भाऊ मुद्गल हा व्युत्पन्न पुराणिक. घरात वेदशास्त्राची आणि पुराणकथनाची परंपरा असताना रामजोशीला गोडी लागली ती गावातील धोंडी शाहिराच्या तमाशाची. तो लावण्या रचू लागला, मग स्वतःच फडात उभा राहून गाऊ लागला. भावाने घराबाहेर काढले. त्यानंतर पंढरपूरला विद्याध्ययन, परत येऊन कीर्तन, पुन्हा तमाशा, बया नावाच्या कलावंतिणीची साथ, बारामतीला मोरोपंतांची भेट, त्यांच्या आर्यांना कीर्तनात दिलेले स्थान, पुण्याचा दरबार, पैसा, उधळपट्टी आणि मद्य असे या चरित्राचे टप्पे सांगितले जातात. त्यांपैकी किती गोष्टी कागदाच्या आधारे सिद्ध होतात आणि किती आख्यायिका आहेत, हा वेगळा विषय आहे. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच, की ही आख्यायिका सुटी नाही. तिला आदि-मध्य-अंत आहे. पतन, भेट आणि उद्धार अशी तिची तीन पावले आहेत.

१९४७ साली पडद्यावर आलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदारांचा रामजोशी आणि हंसा वाडकरांची बया यांमुळे हा शाहीर विद्वानांच्या टीपांमधून बाहेर आला, हे त्या चित्रपटाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबरच बहिष्कृत, प्रेमात बुडालेला आणि मद्यात हरवलेला कलावंत ही प्रतिमाही पक्की झाली. आज रामजोशीचे नाव घेताच सामान्य रसिकाच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते त्याच्या रचनेतून आलेले नसते, या प्रतिमेतून आलेले असते.

३

ही कथा मराठीत इतकी सहज का रुजली? याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे, असे मला वाटते. ‘नाद’ म्हणजे ध्वनी, आणि ‘नाद’ म्हणजे न सुटणारी ओढ. ‘छंद’ म्हणजे वृत्त, आणि ‘छंद’ म्हणजे मनाने घेतलेला ध्यास. त्याचीच पुढली पायरी ‘छंदीफंदी’. ‘वेड’ हा शब्द रोग्यालाही लागतो आणि रसिकालाही. संतांनी ‘पिसे’ हा शब्द भक्तीच्या परमावस्थेसाठी वापरला आणि लोकव्यवहाराने तोच भ्रमिष्टासाठी राखून ठेवला. कलेची, भक्तीची, आसक्तीची आणि मनोविकाराची भाषा मराठीत अशी एकाच घरात नांदते. कवीच्या दृष्टीने ही समृद्धी आहे. चरित्रकाराच्या दृष्टीने मात्र तो चकवा आहे. ‘रामजोशीला तमाशाचा नाद लागला’ या वाक्यात त्याला स्वर सापडला असे म्हटले आहे की तो बिघडला असे म्हटले आहे, हे वाक्यावरून ठरत नाही. ते म्हणणाऱ्याच्या भुवईवरून ठरते.

‘व्यसन’ या शब्दाचा इतिहास याहून बोलका आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या दहा कामज व्यसनांची यादी आहे. मृगया आणि द्यूत यांच्याबरोबर तीत मद आहे, स्त्रिया आहेत, आणि ‘तौर्यत्रिक’ही आहे. तौर्यत्रिक म्हणजे नृत्य, गीत व वाद्य. म्हणजे मद्याचा प्याला, स्त्रीचा सहवास आणि गाणे ही एकाच यादीतील, एकाच जातीची संकटे. पुराणिकाच्या घरातील थोरल्या भावाने ही यादी प्रत्यक्ष वाचली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. ज्या मूल्यव्यवस्थेत तो वाढला तीत ही तीन नावे शेजारी शेजारी होती. धाकटा भाऊ फडात जाऊन गातो, याचा अर्थ तो पिणार आणि बाईच्या नादी लागणार, हे त्या व्यवस्थेला घटना घडण्यापूर्वीच ठाऊक होते.

माझा पहिला मुद्दा असा. रामजोशीच्या चरित्रकथेत दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक, ब्राह्मणाने तमाशात उभे राहून गाणे. ही सामाजिक मर्यादा ओलांडण्याची बाब. दुसरी, मद्याचे अवलंबित्व. ही, ती खरी असेल तर, शरीर-मनाच्या व्याधीची बाब. पहिलीत यातना असल्या तर त्या इतरांनी दिलेल्या. दुसरीत त्या स्वतःच्या देहात उगवलेल्या. ‘व्यसन’ या एका शब्दाने दोहोंना एका गाठीत बांधले, आणि मग कीर्तनाकडे वळणे हाच दोहोंवरचा उपाय ठरला. जणू तमाशा सोडला की दारू आपोआप सुटते.

४

ही कथा रामजोशीची खास स्वतःची आहे काय? संगमनेरच्या अनंतफंदीची (१७४४–१८१९) आख्यायिका तिच्या शेजारी ठेवून पाहावी. अनंतफंदीही ब्राह्मण, तोही तमाशात रमलेला. त्याला अहिल्याबाई होळकरांनी बोल लावला, त्याने डफ टाकला आणि तो कीर्तनकार झाला, असे सांगतात. पात्रे बदलली, सांगाडा तोच राहिला. मोरोपंतांच्या जागी अहिल्याबाई, बारामतीच्या जागी होळकरांचा दरबार. आदिबंधात्मक समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर हा एकच कथाबंध दोन नावांवर चढला आहे.

याउलट होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. यांनाही लावण्यांनी कीर्ती दिली. परंतु यांना तमाशातून सोडवून कीर्तनाच्या वाटेला लावणारी कथा रचण्याची गरज परंपरेला वाटली नाही. ज्यांचे पतन मानलेच नव्हते त्यांचा उद्धार करण्याचे कारण नव्हते. मग हा केवळ जातीचा प्रश्न आहे काय? तसेही नाही. प्रभाकर दातार ब्राह्मण होता, त्याने लावण्याही लिहिल्या. पण त्याच्याभोवती असा उद्धाराचा बंध गुंफला गेला नाही. प्रभाकर मुख्यतः रचनाकार होता, गंगू हैबतीच्या फडासाठी तो लिहीत असे. होनाजीच्या जोडीलाही बाळा होता. एकाची रचना, दुसऱ्याचा गळा. रामजोशीने मात्र लेखणी आणि गळा यांची फारकत होऊ दिली नाही. तो स्वतः रचत होता आणि स्वतः उभा राहून गात होता. शास्त्र शिकलेला ब्राह्मण तमाशासाठी लिहितो, हे झाकता येत होते. तो स्वतःच्या देहानिशी फडात उभा राहतो, हे झाकता येत नव्हते. उद्धाराची कथा जन्मते ती येथे. तिचा विषय मद्य हा नाहीच. तिचा विषय आहे गाणारा देह.

कालक्रमाची कसोटीही या कथेला मानवत नाही. मोरोपंत १७९४ साली वारले. म्हणजे त्यांच्या भेटीने जी काही उपरती व्हायची ती त्यापूर्वी झाली असली पाहिजे. दुसरा बाजीराव पेशवेपदावर आला तो १७९६ च्या अखेरीस. हीच परंपरा रामजोशीला या बाजीरावाच्या पुण्यातही नेते, तेथे त्याच्या पदरी मानमरातब आणि उधळेपणा दोन्ही घालते. तेव्हा उपरतीनंतर विलास, की विलासानंतर उपरती? दोन्ही विधाने खरी मानली तर निष्कर्ष एकच निघतो. रामजोशीच्या आयुष्यात एक निर्णायक वळण नव्हते. जाणे आणि परतणे त्यात अनेकदा होते. घरातून फडात, फडातून पंढरपुरात, पंढरपुराहून कीर्तनात, कीर्तनातून पुन्हा फडात. चरित्रकारांना यात मनाचा कमकुवतपणा दिसला. यंत्रमाग कामगाराच्या मुलाला यात ओळखीचे काही दिसले असते.

मोरोपंतांच्या भेटीचा अर्थही यामुळे बदलतो. थोर पंडिताने वाया गेलेल्या शाहिराला सावरले, अशी तिची मांडणी होते. परंतु मोरोपंतांच्या आर्या जाणत्यांच्या वर्तुळातून श्रोतृसमुदायात गेल्या त्या कीर्तनकारांच्या मुखातून, आणि त्यांत रामजोशीचा वाटा मोठा मानला जातो. ज्या गळ्याला तमाशाने ताल, फेक आणि समोरच्या गर्दीला धरून ठेवण्याचे बळ दिले होते, त्याच गळ्याने आर्येला श्रोता मिळवून दिला. उपकार झालाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी झाला. उद्धाराच्या कथेत मात्र एकच हात वरून खाली येतो.

५

आता लावण्यांकडे वळू. रामजोशीच्या बहुतेक लावण्यांवर रचनेच्या काळाची नोंद नाही. शाहिरी रचना बाडांतून आणि फडकऱ्यांच्या स्मरणातून आपल्यापर्यंत आली. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संपादकांनी ती छापील रूपात आणली, म्हणून ती आज आपल्या हाती आहे. रचनांची वाटणी आपण विषयवार करतो : शृंगारिक, पौराणिक, वैराग्यपर. ती वाचकाच्या सोयीची आहे. पण पाहता पाहता या विषयक्रमाचा कालक्रम होतो. शृंगार आधी म्हणून तारुण्याचा, वैराग्य शेवटी म्हणून उतारवयाचा. पुस्तकाच्या पानांचा क्रम माणसाच्या वयाचा क्रम बनतो. वैराग्याची लावणी ही तर शाहिरी परंपरेतील रुळलेली जात. फडाच्या एकाच रात्री शृंगारही गायिला जाई आणि अध्यात्मही. तेव्हा वैराग्यपर लावणी म्हणजे पश्चात्तापाचा कबुलीजबाब, हा अर्थ रचनेतून निघत नाही. तो बाहेरून आणलेला आहे.

दुसरी गोष्ट लावणीतील ‘मी’ची. तुकारामांचे आत्मपर अभंग वाचताना दुष्काळाने खचलेला, संसार उद्ध्वस्त झालेला माणूस आपल्याशी बोलतो, असे आपण मानतो. त्याला त्या अभंगांची घडण काही आधार देते. लावणीची घडण निराळी आहे. शृंगारिक लावणीतील ‘मी’ पुष्कळदा नायिका असते. ती विरहिणी असते, मानिनी असते, रुसलेली असते. पुरुष शाहीर तिच्या मुखाने बोलतो आणि फडात ते बोल नाच्या किंवा नाची आपल्या अंगावर घेते. एका उच्चारात तीन देह सामील असतात. अशा ‘मी’ला कवीच्या मनःस्थितीचे लक्षण मानणे म्हणजे नाटकातील खलपात्रावरून नाटककाराचे चारित्र्य ठरविण्यासारखे आहे.

उरतो कवीचा स्वतःचा असा एकच उच्चार : अखेरची नाममुद्रा. रामजोशी स्वतःला ‘कविराय’ म्हणवून घेतो. शृंगाराची लावणी असो वा वैराग्याची, मुद्रा तीच. पतित आणि उद्धृत असे दोन रामजोशी चरित्रकारांनी कल्पिले. रचनेत एकच कविराय आहे, आणि त्याला स्वतःच्या कारागिरीचा अभिमान आहे. या अभिमानाला आधारही आहे. संस्कृत समासांची लांब ओळ ढोलकीच्या ठेक्यावर मोडू न देता नेणे, अंत्ययमकाबरोबर आंतरयमकांची साखळी राखणे, एकाच लावणीत मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत अशा भाषा खेळविणे, ही कामे तंद्रीत होत नाहीत. सोलापूर हे कानडी-मराठीच्या सीमेवरचे गाव. येथल्या बाजारात बोली रोज मिसळतात. तथापि बाजारातील मिसळण आणि वृत्तात बसविलेली मिसळण यांत फरक असतो, आणि तो फरक म्हणजे सावधपणे केलेली मेहनत.

येथे एका दुसऱ्या टोकाच्या मोहापासूनही सावध राहायला हवे. ‘इतके चांगले लिहिले, म्हणजे तो पीत नसणार’ किंवा ‘प्याला म्हणूनच इतके चांगले लिहिले’ ही दोन्ही विधाने सारखीच निराधार आहेत. पहिल्यात व्याधिग्रस्त माणसाला कर्तृत्व नाकारले जाते, दुसऱ्यात व्याधीलाच कर्तृत्व बहाल केले जाते. वस्तुस्थिती बहुधा याहून साधी असावी. लावणी ही एकट्याने निभावायची वस्तू नाही. ती झीलकऱ्यांच्या गळी उतरवावी लागते, ढोलकीवाल्याशी ठेका जुळवून घ्यावा लागतो, तुणतुण्याच्या सुरात बसवावी लागते, आणि रात्री ठरल्या वेळी फड उभा करावा लागतो. ज्या फडाने रामजोशीला बिघडविले असे म्हणतात, त्याच फडाने त्याच्या दिवसांना आकार दिला असण्याची शक्यता अधिक आहे. एखादे वेळी त्याचा आवाज लागला नसेल, तर ओळ उचलून धरणारे झीलकरी तेथे होते. कीर्तनातही मागे टाळकरी होते. त्याच्या आयुष्यात घर सुटले. मागून ओळ धरणारे मात्र फडात आणि कीर्तनात, दोन्ही ठिकाणी होते. चरित्रकथेत या साथीदारांचे नाव येत नाही, कारण तिला उद्धारक लागतो, साथीदार लागत नाही.

६

तर मग रामजोशीला आजारी म्हणावे काय? आजचा कायदा या बाबतीत विचारप्रवर्तक आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तीत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात असेही बजावले आहे, की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखाद्या व्यक्तीचे वर्तन जुळत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरविता येणार नाही. रामजोशीच्या कथेने ज्या दोन गोष्टी एका गाठीत बांधल्या होत्या, त्या येथे कायद्याने सोडवून वेगळ्या ठेवल्या आहेत. मद्याचे अवलंबित्व ही शुश्रूषेची बाब; फडात गाणे ही नव्हे. मद्यपाशातून सुटताना पुन्हा पुन्हा घसरणे हे त्या विकाराच्या वाटचालीतच येते, तो निश्चयाचा अभाव नव्हे, हेही आज वैद्यकाने मान्य केले आहे.

असे असले तरी दोन शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. ज्याची नाडी पाहिलेली नाही, ज्याचे एकही खाजगी पत्र समोर नाही, त्याला आजच्या रोगनामाने संबोधणे म्हणजे एका आख्यायिकेच्या जागी दुसरी आणणे. मिशेल फूको यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात वेडाचा इतिहास तपासताना दाखविले की तो विवेकाने वेडाविषयी केलेल्या एकतर्फी भाषणातून घडला आहे. पुराणिकाने ‘व्यसन’ म्हणावे, चित्रपटाने ‘शोकांतिका’ म्हणावे आणि आम्ही ‘विकार’ म्हणावे, यात बोलणारा दर वेळी बाहेरचाच असतो.

केवळ निदान हाती असल्याने वाचन सुधारते असेही नाही. अमेरिकेतील डॅनिअल जॉन्स्टन (१९६१–२०१९) या गायक-गीतकाराचे उदाहरण घ्यावे. याने घरच्या घरी साध्या टेपरेकॉर्डरवर आपली गाणी ध्वनिमुद्रित केली, कॅसेटी स्वतःच्या हाताने वाटल्या, वेष्टनावरची चित्रेही स्वतःच काढली. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना त्याचे नाव झाले. त्याला गंभीर मानसिक आजार होता आणि त्याचे वैद्यकीय निदानही झालेले होते. २००५ च्या एका माहितीपटाने त्याचे आयुष्य जगापुढे ठेवले. परिणाम काय झाला? पुष्कळ श्रोते त्याची गाणी आजाराची लक्षणे म्हणून ऐकू लागले. आवाज फाटला की तो आजार, चाल भाबडी वाटली की तोही आजार. स्वररचनेतील त्याची जाणीवपूर्वक निवड दिसेनाशी झाली. म्हणजे जेथे कागदपत्रे, तारखा आणि निदान सर्व काही उपलब्ध होते, तेथेही वाचनाची चाल तीच राहिली. अडचण माहितीच्या अभावाची नाही. ती गाऊन दाखविणाऱ्या माणसाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीची आहे. लिहिणाऱ्याला आपण संहिता मानतो, गाणाऱ्याला देह.

या एकतर्फी बोलण्याला मराठीत एक प्रत्युत्तर मिळालेले आहे, आणि योगायोग असा की ते रामजोशीच्या कथेच्या अगदी कडेला उभे आहे. चित्रपटातील बया, म्हणजे हंसा वाडकर, यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली ग्रंथरूपाने आले. अरुण साधू यांनी ते शब्दांकित केले. त्यात मद्य आहे, घर सोडणे आहे, परतणे आहे, पुन्हा सोडणे आहे. परंतु त्यात उद्धारक नाही. कोणी थोर पुरुष येऊन त्यांना मार्गाला लावीत नाही, आणि त्या स्वतःही वाचकाला तसे समाधान देत नाहीत. सांगणारी स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि ऐकणाऱ्याला ‘ऐका’ एवढीच आज्ञा करते. रामजोशीच्या आख्यायिकेत बया ही कधी पतनाचे निमित्त असते, कधी निष्ठेचा दाखला. तिला स्वतःचा उच्चार नाही. पडद्यावर तिची भूमिका केलेल्या बाईने, स्वतःपुरता का होईना, तो उच्चार मिळविला. पतन–भेट–उद्धार या बंधाखेरीज अशा आयुष्याचे कथन होऊ शकते, याचा हा मराठीतील पुरावा आहे. रामजोशीच्या चरित्रकारांनी तो वाचला पाहिजे.

७

या विवेचनातून समीक्षेपुरते काय हाती लागते? ‘लेखकाचा मृत्यू’ ही घोषणा १९६७ साली रोलाँ बार्थ यांनी केली, आणि आमच्या विद्यापीठीय समीक्षेनेही ती पुढे आपलीशी केली. चरित्र बाजूला सारा, संहिता वाचा, हा तिचा सोयीस्कर मराठी अवतार. रामजोशीच्या बाबतीत मला ही वाट पुरी वाटत नाही. ज्याला घरातून काढले, ज्याचे गाणे व्यसनांच्या यादीत घातले गेले, त्याचे चरित्र बाजूला सारणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणे होय. चरित्र टाकायचे नाही; त्यातला कथाबंध ओळखून उलगडायचा आहे. त्याने काय भोगले असेल याविषयी विनय राखायचा, आणि त्याने काय रचले याविषयी काटेकोर राहायचे. या दोहोंपैकी पहिली गोष्ट दुसरीचा पुरावा नव्हे, हे सतत ध्यानात ठेवायचे.

अध्यापनाच्या पातळीवर याचा अर्थ अगदी साधा आहे. रामजोशी शिकविताना आरंभ हकालपट्टीपासून करू नये. एखाद्या लावणीच्या रचनेपासून करावा. ती मोठ्याने म्हणावी, ठेका धरावा, कानडी शब्द आला तर वर्गातील कानडी घरच्या मुलांना त्याचा उच्चार विचारावा. सोलापुरात अशी मुले नेहमीच सापडतात. नाममुद्रेपाशी थांबावे. मग आयुष्याकडे यावे, आणि तेथे ‘असे सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. अनंतफंदीची कथा शेजारी ठेवावी. आमच्या विद्यापीठाला आज अहिल्यादेवींचेच नाव आहे. त्या नावाचा आदर राखूनही, डफ टाकायला लावणे हे लोकमाता म्हणून गौरविलेल्या व्यक्तीच्या पदरी परंपरेने का घातले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येतो.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही. रामजोशीने दारू कितव्या वेळेला सोडली, सोडली की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण आता मी त्याला एवढे सांगू शकेन, की प्रश्न योग्य होता आणि माझी कथा चुकीची होती. सोडणे आणि पुन्हा धरणे यांच्या दरम्यान जे दिवस असतात, त्या दिवसांत माणूस कामाला जातो, मागावर उभा राहतो, ओळ रचतो, झीलकऱ्यांना चाल सांगतो. रामजोशीच्या लावण्या बहुधा त्या दिवसांतल्या आहेत. चरित्रकथेला त्या दिवसांत रस नव्हता. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र दुसरे कोणते दिवस उपलब्धच नाहीत.